माघार, शरणागती, मान्यता : इंग्रजीतील काही शब्दांच्या छटा
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयात भाषण व्हायचे, तर ते एखाद्या थोर ग्रंथकारावर किंवा वाङ्मयप्रवाहावर व्हावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. इंग्रजी भाषेतील आठ-दहा क्रियापदे, एवढाच त्याचा आवाका. परंतु ग्रंथालयात एक कपाट असे असते, की त्यातले पुस्तक कोणी घरी नेत नाही आणि त्याच्याकडे आल्यावाचून मात्र कोणाचे भागत नाही. ते कोशांचे कपाट. आजचे विवेचन त्या कपाटाला वाहिलेले आहे.

माणूस आयुष्यात अनेकदा नमते घेतो. शत्रूपुढे घेतो, वडीलधाऱ्यांपुढे घेतो, रोगापुढे घेतो, लहान मुलाच्या हट्टापुढेही घेतो. या साऱ्या प्रसंगांसाठी इंग्रजीत यील्ड, सबमिट, सरेंडर, कॅपिट्युलेट, कन्सीड, सकम, रिलेंट, डिफर, ॲक्विएस अशी क्रियापदांची रांगच आहे. घाईने भाषांतर करणारा या सर्वांना एकाच दावणीला बांधतो आणि ‘शरण जाणे’ असे लिहून मोकळा होतो. मग बातमीतला पुढारी विरोधकांना शरण जातो, न्यायाधीश सहकाऱ्याच्या मताला शरण जातात, रुग्ण आजाराला शरण जातो आणि मुलीच्या लग्नाला अखेर संमती देणारा बापही शरणच जातो. वाक्याचा अर्थ ढोबळपणे कळतो. परंतु त्या माणसाची अब्रू राहिली की गेली, त्याने स्वखुशीने केले की नाइलाजाने, हे कळत नाही. तेवढ्यासाठीच तर लेखकाने तो विशिष्ट शब्द निवडलेला असतो.

इंग्रजांनाही हे भेद जन्मजात कळत नव्हते. त्यांनी ते परिश्रमाने नोंदवून ठेवले. जॉर्ज क्रॅब याने १८१६ मध्ये समानार्थी शब्दांचा एक ग्रंथ सिद्ध केला. दोन-तीन जवळचे शब्द शेजारी ठेवून त्यांत अंतर कोठे आहे, हे समजावणे ही त्याची रीत. पुढे १८५२ मध्ये पीटर मार्क रॉजे याचा प्रसिद्ध ‘थिसॉरस’ निघाला. त्याने शब्दांचे कळप केले; निवड वाचकावर सोपवली. एक भेद सांगतो, दुसरा साठा दाखवतो. आपल्याकडे मोल्सवर्थने आरंभलेला आणि थॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये मुंबईत छापला गेला. कोशकार शब्दाला शब्द देतो. तो केव्हा वापरावा, हे वाचकालाच ठरवावे लागते.

ते ठरवण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. माणसाने नमते घेतले ते कशापुढे? बळापुढे, युक्तिवादापुढे, अधिकारापुढे, की करुणेपुढे? दुसरा प्रश्न, काही अटी ठरल्या होत्या काय? आणि तिसरा, नमते घेतल्यावर त्याच्यापाशी काय शिल्लक राहिले? हे तीन प्रश्न विचारीत गेले, की एकेक शब्द आपली ओळख आपणच देऊ लागतो.

प्रथम यील्ड. हा इंग्रजीचा घरचा, जुना शब्द. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ फेडणे, देणे चुकते करणे असा होता. जर्मन भाषेत पैशाला जो गेल्ड शब्द आहे, तो याच्याच कुळातला. म्हणून शेताच्या उताऱ्यालाही यील्ड म्हणतात आणि कर्जरोख्यावरील उत्पन्नालाही यील्डच म्हणतात. जमीन पीक देते, फांदी वाऱ्यापुढे वाकते, सैन्याची फळी रेट्याखाली मागे सरते. तिन्ही ठिकाणी यील्ड चालतो. यात अपमान अटळ नाही. दाब आला आणि त्याला वाट दिली, एवढेच त्यात आहे. १९५० साली अमेरिकेतील टल्सा शहरात चौकात लावण्याचा एक नवा फलक निघाला आणि त्यावर हाच शब्द लिहिला गेला. ब्रिटनमध्ये त्याच कामासाठी ‘गिव्ह वे’ लिहितात. थांबून दुसऱ्याच्या गाडीला पुढे जाऊ देणारा चालक हरलेला नसतो; तो नियम पाळीत असतो. मराठीत येथे ‘वाट देणे’ हाच शब्द शोभतो. गंमत अशी, की तुळई किंवा पूल गिव्ह वे झाला, तर तो कोसळलेला असतो. माणसाने वाट दिली तर सौजन्य, आणि खांबाने दिली तर अनर्थ!

सबमिट हा लॅटिनमधून आलेला. त्याचा धात्वर्थ खाली ठेवणे, दुसऱ्याच्या सत्तेखाली ठेवणे. यात वरचा आणि खालचा असे दोन स्तर गृहीत आहेत. यील्ड क्षणापुरता असू शकतो. सबमिट होणारा पुढेही आज्ञेत राहणार असतो. म्हणून विजेत्याच्या सत्तेला, शिस्तीला, ईश्वरी इच्छेला सबमिट होतात. मात्र याच शब्दाचे एक सभ्य रूप आपल्या रोजच्या परिचयाचे आहे. विद्यार्थी प्रयोगवह्यांचे ‘सबमिशन’ करतात, तेव्हा ते काम परीक्षकाच्या निर्णयाखाली ठेवतात. न्यायालयात वकील आपले सबमिशन मांडतो, तेव्हा तो तावातावाने भांडत असला, तरी ‘निर्णय आपला’ अशी नम्रता शब्दात आधीच भरलेली असते. तंटा लवादाकडे सबमिट करणारे दोन्ही पक्ष ताठ मानेने उभे असतात. त्यांनी फक्त निवाड्याचा अधिकार तिसऱ्याच्या हाती दिलेला असतो. म्हणून येथे कोठे ‘अधीन होणे’, तर कोठे ‘सादर करणे’ असे दोन मराठी शब्द लागतात.

आता सरेंडर. हा फ्रेंचांकडून आला. मूळ अर्थ हवाली करणे. हाती असलेली वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करायची, यावर या शब्दाची नजर आहे. म्हणून विम्याची पॉलिसी सरेंडर होते, गॅसची जोडणी सरेंडर होते, आरोपी न्यायालयात सरेंडर होतो, किल्ला सरेंडर होतो. काय दिले, हा त्यातला मुख्य प्रश्न.

आपल्या ‘शरण’ शब्दाची नजर मात्र निराळ्या दिशेला आहे. संस्कृतात शरण म्हणजे आश्रय, रक्षण, घर. बौद्धांचे त्रिशरण इंग्रजीत सांगताना सरेंडर हा शब्द वापरीत नाहीत. आश्रयवाचक ‘रेफ्यूज’ हा शब्द वापरतात. बिभीषण रामाला शरण गेला, तेव्हा त्याने काय हवाली केले, असे कोणी विचारीत नाही. रामाने त्याला कसे सांभाळले, हेच सांगितले जाते. शरणागतीत ज्याच्याकडे जायचे त्याच्यावर रक्षणाचे कर्तव्य येऊन पडते. सरेंडर या शब्दात असे कर्तव्य आपोआप येत नाही. ते हवे असेल, तर कागदावर लिहून घ्यावे लागते. दोन भाषांतील हा फरक केवळ शब्दांचा नाही. त्यावर घराण्यांची भवितव्ये अवलंबून राहिली आहेत.

याचे उदाहरण याच मुलखाच्या सीमेवर घडले. ३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव पेशवे असीरगडच्या परिसरात सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाले. इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत याला सरसकट सरेंडर म्हणतात. परंतु त्याआधी अटी ठरल्या होत्या. पेशव्यांनी स्वतःसाठी व वारसांसाठी पुण्याच्या राज्यावरील हक्क सोडावा, दक्षिण सोडून उत्तरेत राहावे, आणि कंपनीने त्यांच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी सालिना आठ लाख रुपयांहून कमी नाही असे वर्षासन द्यावे, अशा त्या अटी. कलमे ठरवून हत्यार ठेवणे याला इंग्रजीत नेमका शब्द आहे कॅपिट्युलेट. लॅटिनमध्ये कॅपिट्युलम म्हणजे लहान मस्तक, आणि त्यावरून मजकुराचे शीर्षक किंवा कलम. कॅपिट्युलेट करणे म्हणजे मुळात कलमवार करार लिहिणे. पुढे त्याचा अर्थ कलमे ठरवून गड खाली करणे असा झाला. १९०७ च्या हेग येथील युद्धनियमांत तर अशा करारांनी सैनिकी सन्मानाचे नियम लक्षात घ्यावेत आणि एकदा ठरल्यावर दोन्ही पक्षांनी ते काटेकोर पाळावेत, असे स्वतंत्र कलमच आहे.

बाजीराव ब्रह्मावर्तास राहिले आणि जानेवारी १८५१ मध्ये वारले. त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांनी वर्षासन पुढे चालू ठेवण्याची मागणी केली. त्यांचा आधार करारातील ‘कुटुंबाच्या निर्वाहासाठी’ या शब्दांवर होता. लॉर्ड डलहौसीने ती मागणी फेटाळली. वर्षासन केवळ बाजीरावांच्या हयातीपुरते होते, असे सरकारचे म्हणणे पडले. म्हणजे एका पक्षाने कलमे जिवंत धरली आणि दुसऱ्याने ती माणसाबरोबर संपली असे मानले. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक आहेत. पण नानासाहेबांच्या मनातील सल या वाचनभेदातून उपजला होता, हे विसरता येत नाही. आजच्या इंग्रजीत मात्र कॅपिट्युलेट शब्दातली कलमे झिजून गेली आहेत. वर्तमानपत्रात एखादे सरकार कॅपिट्युलेट झाले, तर त्याने विरोध पार सोडून नांगी टाकली, असाच दोषारोप त्यात असतो. शब्दाचा इतिहास सन्मानाचा आणि वर्तमान मानहानीचे, असे हे उदाहरण आहे.

लॅटिनमधील जाणे, बाजूला सरणे या अर्थाच्या एका धातूपासून सीड आणि कन्सीड हे दोन शब्द झाले. यातला सीड बियाण्याचा नव्हे; तो तहनाम्यांचा आहे. ६ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला मुलूख, खानदेशासह, कंपनीला दिला. अशा देण्याला इंग्रजीत सीड म्हणतात, आणि जुन्या मराठीत त्याला ‘मुलूख तोडून देणे’ असा जिवंत शब्दप्रयोग आहे. ‘तोडून’ या एका शब्दात जे दुःख आहे, ते इंग्रजी शब्दात नाही. येथे मराठीची सरशी झाली, असे निःसंकोच म्हणावे.

कन्सीडमध्ये जमिनीऐवजी मुद्दा द्यायचा असतो. वादात प्रतिपक्षाचे एखादे म्हणणे मान्य करणे, खेळात गोल होऊ देणे, निवडणुकीत पराभव मान्य करणे, हे सारे कन्सीड. पण मान्य करणे म्हणजे नेमके काय? अमेरिकेत या एका शब्दाभोवती दोन उद्बोधक प्रसंग घडले. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत अल् गोर यांनी मतदानाच्या रात्री प्रतिस्पर्ध्याला फोन करून पराभव मान्य केला आणि थोड्याच वेळात तो परत घेतला. पुढे पाच आठवडे वाद चालला. १२ डिसेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दुसऱ्या दिवशी गोर यांनी सांगितले, की या निकालाशी आपण तीव्र असहमत आहोत, परंतु तो स्वीकारतो. त्यांच्या लेखी कन्सीड करणे म्हणजे निकालाचे अंतिमत्व मानणे. त्याची योग्यता मानणे नव्हे. २०१८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवार स्टेसी अब्राम्स यांनी प्रतिस्पर्धी विजयी घोषित होणार हे कबूल केले, तरी हे भाषण कन्सेशनचे नाही, असे बजावले. कारण त्या शब्दात घडले ते खरे, रास्त व उचित होते अशी कबुली येते, असे त्यांचे म्हणणे. एकच शब्द, एकाने त्यात वस्तुस्थिती वाचली, दुसरीने नीती वाचली. भाषांतर करताना ‘पराभव स्वीकारला’ आणि ‘पराभव मान्य केला’ यांतही हीच रेघ ओढता येते.

सकम आणि रिलेंट ही जोडी परस्परविरुद्ध टोकांची. सकमचा मूळ अर्थ भाराखाली आडवे होणे. झुंज देऊन झाली, शक्ती सरली आणि माणूस कोसळला. म्हणून जखमांनी, आजाराने आलेल्या मृत्यूसाठी इंग्रजी वृत्तपत्रांत हा शब्द नेहमी येतो. मोहाला सकम होणारा माणूसही आधी थोडी धडपड केलेला असतो. मराठीत येथे ‘बळी पडणे’ आहे. मृत्यूच्या बातमीत मात्र ‘जखमांमुळे निधन झाले’ एवढेच म्हणणे सभ्यतेचे. मृताने शरणागती पत्करली असे लिहिणे त्याच्यावर अन्याय करणारे होईल.

रिलेंट होतो तो मात्र बलवान. दुबळ्याला रिलेंट होता येत नाही. लॅटिनमधील लवचिक, संथ या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते आहे आणि जुन्या इंग्रजीत वितळणे, मऊ पडणे असाही त्याचा वापर होई. कठोर सावकार, संतापलेला बाप, धो धो कोसळणारा पाऊस, हे रिलेंट होतात. ज्याच्या हाती शिक्षा करण्याची ताकद आहे, त्याने हात आवरला, हा त्याचा गाभा. मराठीत ‘विरघळणे’, ‘द्रवणे’, ‘पाझर फुटणे’ हे शब्द इतके चपखल बसतात, की त्यांना सोडून ‘माघार घेतली’ लिहिणे म्हणजे बापाच्या मायेला पराभव ठरवणे होय.

डिफर आणि ॲक्विएस हे शांत स्वभावाचे शब्द. इंग्रजीत डिफर नावाचे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ पुढे ढकलणे, दुसऱ्याचा अर्थ आदराने दुसऱ्याचे मत वर ठेवणे. दोहोंची लॅटिन मुळेही वेगळी. शल्यचिकित्सक भुलीच्या प्रश्नावर भूलतज्ज्ञाचे म्हणणे मानतो, तेव्हा तो डिफर करतो. स्वतःचे मत त्याने टाकलेले नसते, या बाबतीत अधिकार कोणाचा हे ओळखलेले असते. येथे ‘मान राखणे’ हा शब्द पुरतो.

ॲक्विएसचा धात्वर्थ स्वस्थ होणे, गप्प होणे. मनातून पटलेले नसते, पण विरोध केला जात नाही. कायद्याला या गप्प बसण्याची किंमत माहीत आहे. भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार, दुसऱ्याने नोंदवलेल्या चिन्हाचा वापर आधीच्या चिन्हाच्या मालकाने माहीत असून सलग पाच वर्षे निमूटपणे चालू दिला, तर त्याला पुढे त्याविरुद्ध सहसा तक्रार करता येत नाही. ती नोंदणी अप्रामाणिकपणे झाली असेल, तर गोष्ट वेगळी. मौन हे संमतीचे लक्षण, असे आपणही म्हणतो. परंतु मौन आणि संमती यांच्यामध्ये जी कुरबूर उरते, ती ॲक्विएस या शब्दाने टिपली आहे. ‘मुकाट्याने चालू देणे’ असे तीन शब्द वापरले तरी चालतील, पण ‘संमती दिली’ असे लिहू नये.

या लॅटिन-फ्रेंच थाटाशेजारी बोलण्यातले साधे शब्द आहेत. गिव्ह अप म्हणजे प्रयत्न सोडणे, हात टेकणे. गिव्ह इन म्हणजे समोरच्याच्या आग्रहापुढे नमणे. पहिल्यात समोर कोणी नसले तरी चालते. कोडे सुटेना म्हणून माणूस गिव्ह अप करतो. दुसऱ्यात रेटणारा कोणीतरी लागतो. २९ ऑक्टोबर १९४१ रोजी हॅरो येथील शाळेत बोलताना चर्चिल यांनी मुलांना कधीही गिव्ह इन करू नका, असा उपदेश केला. तो सर्वांना ठाऊक असतो. त्याला जोडलेला अपवाद फारसा कोणी सांगत नाही. सन्मान आणि सुबुद्धी यांना पटलेल्या गोष्टींपुढे नमण्यास त्यांनी मोकळीक ठेवली होती. कशापुढे नमायचे, हा पहिला प्रश्न युद्धाच्या ऐन धामधुमीतही त्यांना सुटला नाही.

आता तिन्ही प्रश्न एकत्र लावून पाहण्याजोगा प्रसंग. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याला पुणे करार झाला. गांधीजींचे उपोषण चालू होते. एकीकडे त्यांचे प्राण आणि दुसरीकडे अस्पृश्यांचे हक्क, अशा पेचात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सापडले होते. त्यांनी स्वतंत्र मतदारसंघाची मागणी सोडली आणि संयुक्त मतदारसंघांत प्रांतिक विधिमंडळांतील १४८ राखीव जागा मिळवल्या. याला इंग्रजीत काय म्हणावे? सरेंडर म्हटले, तर वाटाघाटींत मिळवलेले सारे पुसले जाते. केवळ कन्सीड म्हटले, तर त्यांच्यावरील जीवघेण्या दडपणाचा पत्ता लागत नाही. यील्ड म्हटले, तर दडपण दिसते, पण अटी दिसत नाहीत. जुन्या, कलमवार अर्थाने कॅपिट्युलेट जवळ येतो, पण आज त्यातून ऐकू येणारा अवमान त्यांच्या वाट्याला जाता कामा नये. डॉ. आंबेडकरांनी पुढे या कराराविषयी आपली नाराजी लिहून ठेवली आहे. म्हणजे त्यांनी करार केला, पाळला आणि तरीही तो न्याय्य मानला नाही. इतिहास लिहिणारा येथे जो शब्द निवडील, तो त्याचा निवाडाच असेल. म्हणून तो एका शब्दावर न भागवता सरळ वाक्यात सांगणे अधिक प्रामाणिक.

मराठीपाशी या सर्व छटांसाठी शब्द नाहीत, असा समज करून घेण्याचे कारण नाही. पडते घेणे, नमते घेणे, माघार घेणे, कच खाणे, हात टेकणे, गुडघे टेकणे, मान तुकवणे, दाती तृण धरणे, शेपूट घालणे, वाट देणे, पाघळणे, आपला शब्द मागे घेणे. ही यादी इंग्रजीहून तोकडी नाही. पडते घेणाऱ्याला सुज्ञ म्हणतात, कच खाणाऱ्याला भित्रा म्हणतात. दोघांनी केलेली कृती कदाचित एकच असते. उणीव आहे ती हे शब्द शेजारी ठेवून त्यांतील अंतर सांगणाऱ्या ग्रंथाची, आणि त्याहूनही लिहिताना क्षणभर थांबण्याच्या सवयीची.

मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला ही सवय अधिक लागते. घरी एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी; अशा ठिकाणी शब्द लवकर झिजतात आणि एका शब्दावर दहा कामे चालवण्याची वृत्ती वाढते. शंभर वर्षे ज्यांनी या ग्रंथालयाचे दिवे लावले, वर्गणी गोळा केली, फाटलेली पाने चिकटवली, त्यांनी ही झीज आपापल्या परीने भरून काढली. येथील कोशांच्या कपाटाकडे येणाऱ्या नव्या वाचकाने ‘शरण जाणे’ असे लिहिण्यापूर्वी कशापुढे, कोणत्या अटीवर आणि मागे काय राखून, हे तीन प्रश्न विचारावेत, एवढी विनंती करून हे भाषण येथे पुरे होत आहे. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकास शुभेच्छा.